बोटं सांभाळायची

जुलैतल्या पावसात चिपळूणला आई मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. पडताना माणूस तळहात टेकतो, सगळा भार मनगटावर येतो. साठी उलटलेल्या बायकांच्या ठिसूळ हाडांना तो पेलत नाही. दवाखान्यात निघण्याआधी साबण लावून तिच्या बांगड्या आणि अंगठी उतरवली. आणखी सूज चढली असती तर कापाव्याच लागल्या असत्या.

डॉक्टरांनी हाड ओढून बसवलं, कापूस गुंडाळला आणि ओल्या पट्ट्या चढवल्या. "गरम लागतंय गं," आई म्हणाली. लागणारच. पट्टीतली भुकटी म्हणजे भाजून पाणी उडवलेलं जिप्सम. पाणी परत मिळालं की त्याचा पुन्हा दगड होतो, आणि तो होताना ऊब सुटते. काही मिनिटांत प्लास्टर कडक झालं, पण आतपर्यंत वाळायला दोन-तीन दिवस. तोवर ते तळहातांवरच उचलायचं, बोटांनी दाबायचं नाही. खळगा पडला तर तोच पुढे कातडीत रुततो.

मला वाटलं होतं, सांभाळायचं ते प्लास्टर. खरं तर सांभाळायची असतात बाहेर डोकावणारी बोटं. आत काय चाललंय ते तीच सांगतात. हात दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. दर दोन तासांनी टॉर्च लावून मी तिचं नख दाबत होते. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं.

दुसऱ्या रात्री ते होईना. बोटं गार, मुंग्या आलेल्या. मी एक बोट हलकेच सरळ केलं तर आई कळवळली. गोळी घेऊनही ठणका वाढतच होता. "सकाळी बघू," ती म्हणाली. मी ऐकलं नाही, आणि कुणीच ऐकू नये. सुजेला आत जागा उरली नाही की रक्त अडतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. रात्री दोनला डॉक्टरांनी प्लास्टर आणि आतला कापूस थेट कातडीपर्यंत उभा चिरून सैल केला. नखांवर रंग परत येताना मी डोळ्यांनी पाहिला.

पुढे खाज सुटली. विणायची सुई मी तिच्या हातातून काढून घेतली. आत ओरखडा उठला तर चिघळेपर्यंत दिसत नाही. केस वाळवायच्या यंत्राची गार हवा तेवढी सोडायची. आंघोळीला वर प्लास्टिकची पिशवी.

बोटं आखडू नयेत म्हणून डॉक्टरांनी मूठ मिटायला-उघडायला सांगितलं होतं. आईला ते कंटाळवाणं वाटे. मग मी कापसाचा डबा पुढ्यात ठेवला. चातुर्मासाच्या वाती वळायच्याच होत्या. सुरुवातीच्या जाड, वेड्यावाकड्या झाल्या. खांदाही आखडतो, म्हणून दिवसातून चारदा हात डोक्यावर.

सहा आठवड्यांनी करवत लागली. तिचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी पात्याबरोबर हलते. आतून निघालेला हात बारीक, खपल्या धरलेला. कोमट पाण्यानं धुतला, खोबरेल लावलं. मनगट अजून वाकत नव्हतं. बोटं मात्र तळहातापर्यंत पूर्ण मिटली.