सिम मुंबईचं, टॉवर सिंगापूरचा

दुपारचे साडेबारा. रॅफल्स प्लेसच्या हिरवळीभोवतीच्या मनोऱ्यांतून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं जेवायला बाहेर पडताहेत. स्टेशनच्या दाराशी भाचा आणि मी दोन फोन शेजारी धरून उभे आहोत. आपण कुठून बोलतोय असं इंटरनेटला वाटतं, ते आम्ही तपासतोय. त्याचा फोन म्हणतो सिंगापूर. माझा म्हणतो भारत!

"मामा, टॉवर इथलाच. पण तुमचा डेटा घरी जाऊन मग बाहेर पडतो," तो हसतो. मोबाइलच्या कोअर नेटवर्कमध्येच त्याची नोकरी.

विमानतळावर फोन चालू केला, तेव्हा इथल्या कंपनीने आधी माझ्या सिमचा ओळख क्रमांक पाहिला. पहिले तीन आकडे ४०४ किंवा ४०५ असले की सिम भारताचं. मग भारतातल्या माझ्या कंपनीच्या नोंदवहीकडे विचारणा गेली. तिथून एक यादृच्छिक आकडा आणि त्याचं अपेक्षित उत्तर आलं. आकडा माझ्या सिमला दिला गेला, सिमने आपल्या गुप्त किल्लीने उत्तर काढलं, ते जुळलं आणि मला प्रवेश मिळाला. किल्ली ना सिमच्या बाहेर आली, ना भारतातल्या नोंदवहीच्या. मला हा भाग सगळ्यात देखणा वाटतो.

पुढचं मात्र थोडं हास्यास्पद आहे. मी लाउ पा सात या बाजाराचा रस्ता शोधतो. तो इथून चालत दहा मिनिटांवर, पण माझी विचारणा समुद्राखालच्या केबलमधून आधी भारतातल्या गेटवेकडे जाते.

आम्ही सरकत्या जिन्याने खाली उतरतो. भाचा घरी व्हिडिओ कॉलवर बोलतोय. गाडी सुटते, टॉवर बदलत जातात, कॉल तुटत नाही.

"अँटेना बदलतो, पण माझा आयपी पत्ता कोअरमध्ये एकाच जागी धरून ठेवलेला असतो. फक्त तिथून निघालेल्या डेटाच्या बोगद्याचं दुसरं टोक नव्या टॉवरकडे वळवतात," तो फोनवर हात ठेवून सांगतो. फाइव्ह-जीमध्ये ही सगळी कामं वेगवेगळी सॉफ्टवेअरं करतात: एक ओळख पटवतं, एक सत्र सांभाळतं, एक नुसता डेटा वाहतं.

परदेशी निघालात तर मुंबईचं सिम काढून टाकू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्याचा डेटा तेवढा बंद ठेवा आणि नकाशा पाहायला तिथलं सिम घ्या.