कोणतं तोंड पुढे करून आला?

पावसाळ्यात कोहमारा-गोंदिया एस.टी.त बसलात, की खिडकीच्या काचेकडे बघा. गाडी पळू लागली, की थेंब सरळ खाली न येता तिरके मागे ओघळतात. नुसत्या ओघळांवरून गाडी कुठल्या दिशेनं चाललीय ते सांगता येतं. आकाशातून पडलेल्या एखाद्या दगडावरही असेच ओघळ सापडतात बरं का!

अशा दगडाला अशनी म्हणतात. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात, काटोल परिसरात मोठे आवाज झाले आणि अशनी पडले. त्यांच्यावर पातळ काळी साल होती. ती कशी येते? अशनी हवेत शिरतो तो सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगानं. समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापते. दगड वरून वितळतो आणि त्याचा रस हवेच्या झोतानं मागे ढकलला जातो. वेग कमी झाला, की उरलेला रस थिजतो. तीच ही साल.

बहुतेक अशनी कोलांट्या खात येतात, म्हणून सगळीकडून झिजतात. एखादाच एक तोंड पुढे धरून येतो. तो ओळखायचा कसा? त्याची पुढची बाजू ढालीसारखी किंवा बोथट शंकूसारखी होते. तिच्या टोकापासून बारीक ओघळ चहूकडे मागे जातात. मागच्या काठावर रस साचून ओठासारखी कड तयार होते. मागची बाजू बरीचशी सपाट, तिथली साल खडबडीत. इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो इथे १४ मार्च १८८१ रोजी रेल्वेमार्गावर पडलेल्या अशनीवर हे ओघळ सुरेख दिसतात. चंद्रावरून परतणारी अपोलो यानाची कुपीसुद्धा बोथट बाजू पुढे करूनच हवेत शिरायची!

ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगेही अशनीवर असतात. पण ते कोलांट्या खाणाऱ्या दगडावरही येतात. तेवढ्यावरून दिशा ठरवू नका.

ही साल बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. ‘आत काय आहे बघू’ म्हणून कुणी दगड फरशीवर घासला, की त्याच्या प्रवासाची गोष्ट पुसली गेलीच म्हणून समजा! तेव्हा असा दगड दिसला तर फोडू नका, धुऊ नका, घासू नका. जागा लिहून ठेवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि गुरुजींना, बाईंना सांगा. आपल्या देशात अशनी सांभाळण्याचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था करते. दगड तिच्याकडे पोचला, तर त्याची गोष्ट सगळ्यांनाच वाचता येईल.