सात बाय आठचं जेवणघर आणि बाबांची खुर्ची

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून सांगितलं की ऐकताना आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून या भागाचं लिखाण इथे देतेय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं...' आणि 'म्हणजे ना...' काढून टाकलेत. जवळ टेप असेल तर घेऊन बसा. नसेल तर आईच्या शिवणाच्या डब्यातली चालेल.

तर विषय आहे छोटं जेवणघर. आणि मी माझ्याच घरापासून सुरू करते, कारण चुका तिथेच केल्यात.

आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. बिल्डरच्या नकाशात हॉल आणि किचनच्या मधल्या जागेवर 'डायनिंग' असं छापलंय. सात फूट बाय आठ फूट. वीस वर्षं त्या डायनिंगमध्ये कोणी जेवलं नाही. तिथे फ्रिज होता, वॉश बेसिन होतं, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग असलेली एक खुर्ची होती. आम्ही चौघं हॉलमध्ये खाली बसून, टीव्हीसमोर जेवायचो. छान चाललं होतं.

मग बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता मांडी घालून बसायचं नाही. झालं! बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, ताट हातात, आणि आम्ही तिघं खाली. दोन-तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की मी ऑफिसमधून येईपर्यंत बाबांचं जेवण उरकलेलं असतं. आधी वाटलं, औषधांच्या वेळा असतील. विचारलं तर म्हणाले, "अगं, तुम्ही खाली आणि मी वर, पंगतीत वाढपी बसल्यासारखं वाटतं. आणि आमटी सांडते." हसत म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

त्याच रात्री मी मोबाईलवर सेल बघून सहा खुर्च्यांचं टेबल मागवलं. हीच ती पहिली चूक.

टेबल होतं पाच फूट बाय तीन फूट. आमची जागा सात बाय आठ. कागदावर बसतंय ना? बसतंयच. पण टेबल आलं, मधोमध लावलं, आणि फ्रिजचं दार अर्धंच उघडायला लागलं. खुर्ची मागे ओढली की भिंतीला आपटायची. आईला किचनमधून हॉलमध्ये यायचं तर पोट आत घेऊन, कडेकडेने. चार दिवसांनी टेबलावर लॅपटॉप, मेथीची जुडी आणि वर्तमानपत्रं आली, आणि बाबा परत प्लास्टिकच्या खुर्चीत. शेवटी ते टेबल अर्ध्या किमतीत विकलं.

आता गणित काय चुकलं ते बघू. टेबल किती मोठं आहे याला फार अर्थ नसतो. माणूस टेबलापाशी बसतो आणि उठतो, त्याला किती जागा लागते ते मोजायचं. खुर्चीत नुसतं बसायला टेबलाच्या कडेपासून मागे साधारण १८ इंच लागतात. खुर्ची सरकवून नीट उठायचं तर ३०. आणि तुमच्या मागून कोणी ताट घेऊन जाणार असेल तर ३६ किंवा त्याहून जास्त. आमची जागा सात फूट रुंद, म्हणजे ८४ इंच. त्यातून टेबलाचे ३६ गेले, उरले ४८, म्हणजे प्रत्येक बाजूला २४. बसता येतं, पण उठता येत नाही! सगळी गंमत तिथेच आहे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तर उठायलाच जास्त जागा लागते.

अजून दोन आकडे लिहून घ्या. एका माणसाला शेजारच्याचं कोपर न लागता जेवायला २४ इंच रुंदी लागते. आणि टेबलाची उंची ३० इंच असेल तर खुर्चीची बैठक १८ इंचांच्या आसपास हवी. हे दोन जुळले नाहीत तर कितीही महागडं फर्निचर आणा, पाठ दुखणारच.

यानंतर मी शहाणी झाले. काहीही विकत घ्यायच्या आधी जमिनीवर वर्तमानपत्रं कापून टेबलाच्या मापाची अंथरली, कडेला चिकटपट्टी लावली. खुर्च्यांच्या जागी बादल्या ठेवल्या. आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांना सांगितलं की कागदावर पाय द्यायचा नाही. भाऊ वैतागला, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही शब्द न बोलता कळलं की आमच्या घरात कोण कुठून कुठे जातं. सगळी वर्दळ उजव्या बाजूने, हॉल ते किचन. डावी भिंत पूर्ण रिकामी, तिकडे कोणी फिरकतच नाही. मग टेबल मधोमध ठेवायचा हट्ट कशाला?

इथे जरा थांबते, कारण मला चाळीबद्दल बोलायचंय. मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, त्यातली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात अख्खं कुटुंब जेवायचं, पाहुणे आले तर तेही. कसं? जेवणघर नावाची वस्तूच नव्हती. पाट मांडले, पाणी ठेवलं, ताटं वाढली, झालं जेवणघर. जेवण झालं, जागा पुसली, पाट भिंतीला उभे केले, की त्याच जागेवर अभ्यास आणि रात्री अंथरूण. आपण टेबल घेतो आणि ते दिवसाचे तेवीस तास रिकामं उभं राहतं. छोट्या घरात ही चैन परवडत नाही. म्हणून टेबल घेतानासुद्धा आपण पाटाचाच प्रश्न विचारायचा: जेवण झाल्यावर हे कुठे जाणार?

आम्ही काय केलं ते सांगते. डाव्या भिंतीला लागून चार फुटांचा बाक. १६ इंच खोल, १८ इंच उंच. त्याच्यापुढे चार फूट लांब, २७ इंच रुंद टेबल, बाकावर दोन-एक इंच आत सरकलेलं. बाकाचा फायदा असा की त्याला मागे ओढावं लागत नाही, म्हणजे भिंतीकडचे ते ३० इंच वाचले. समोरच्या बाजूला दोन स्टुलं, जी जेवण झाल्यावर पूर्ण टेबलाखाली जातात. हिशोब करून बघा: भिंतीपासून टेबलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत ४१ इंच. जेवत नसताना जायला-यायला ४३ इंच मोकळे, आणि दोघं स्टुलावर बसलेले असतानाही २५. २५ म्हणजे ऐसपैस नाही, पण आईला पोट आत घ्यावं लागत नाही. फ्रिज किचनच्या कोपऱ्यात गेला, जिथे आधी गहू-तांदळाचे मोठे डबे होते.

आणि ते डबे गेले बाकाच्या पोटात.

बाकाखाली साठवण करायची तर एक लक्षात ठेवा. वरून झाकण उघडणारा बाक स्वस्त पडतो, पण प्रत्येक वेळी बसलेल्या माणसाला उठवावं लागतं आणि गादी काढावी लागते. म्हणून तिथे रोजची वस्तू ठेवायची नाही. साठवणीचे तांदूळ, दिवाळीच्या फराळाचे डबे, मोठी पातेली, ठीक. लाटणं ठेवलंत तर महिन्याभरात भांडण होईल. समोरून ड्रॉवर हवा असेल तर टेबल हलकं, सरकवता येईल असं पाहिजे. आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करा! भिंतीला ओल येत असेल तर बाकाची मागची बाजू भिंतीपासून इंचभर दूर ठेवा, फळीला हवेसाठी भोकं पाडून घ्या. नाहीतर ऑगस्टमध्ये तांदळाला वास येतो. प्लायवूड घेताना मिस्त्री 'वॉटरप्रूफ आहे, मॅडम' असं म्हणेलच. त्यावर आयएस ७१० असा शिक्का आहे का बघा. तो मरीन प्लायचा मानक क्रमांक आहे.

मग बाबा कुठे बसतात? बाकावर नाही. बाकावर बसायचं म्हणजे आधी कडेला टेकायचं आणि मग सरकत आत जायचं, ते गुडघ्यांना जमत नाही. त्यांना टेबलाच्या टोकाला, हॉलच्या बाजूला हात असलेली खुर्ची दिली. दोन्ही हातांवर भार देऊन उठता येतं. बैठक १९ इंच. इथे आमची दुसरी फजिती होता होता राहिली. बऱ्याच टेबलांना फळीच्या खाली तीन-चार इंचांची लाकडी पट्टी असते. खुर्चीचे हात तिला अडकतात, मग माणूस टेबलापासून फूटभर लांब, आणि आमटी परत सांडायला मोकळी. त्यामुळे दुकानात खुर्चीच्या हातांची उंची आणि टेबलाखालची मोकळी उंची, दोन्ही मोजा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

गोल टेबलाबद्दल खूपजण विचारतात. गोल टेबल दिसतं छान, कोपरे कमरेला लागत नाहीत, मधे एकच खांब असेल तर पाय कुठेही ठेवता येतात. पण ते भिंतीला लावलं की अर्धं वाया जातं. तीन फुटांचं गोल टेबल आमच्या जागेत मधोमध ठेवलं असतं तरी बाजूला तेच २४ इंच उरले असते. चौरस खोली आणि चारी बाजूंनी वावर असेल तर गोल घ्या.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनो, तुमचं वेगळं. भिंतीला घडी घालून लावायचं टेबल रीलमध्ये फार झकास दिसतं, पण त्यासाठी भिंत भोकं पाडण्यालायक पाहिजे आणि घरमालकही. नवीन इमारतींमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. नाहीतर एक दिवस वरणभातासकट टेबल खाली. त्यापेक्षा स्वतःच्या पायांवर उभं राहणारं, दोन्ही पंख मिटणारं टेबल घ्या. घर बदलताना बरोबर नेता येतं.

आता सजावट. खरं सांगायचं तर इथे मला सगळ्यात जास्त शिकवलं ते इराणी हॉटेलांनी. धोबी तलावचं कयानी आठवा, १९०४ पासूनचं. छोटी टेबलं, खेटून बसलेली माणसं, तरी कोंडल्यासारखं होत नाही. का? एक, भिंतीवरचे आरसे. दोन, वाकवलेल्या लाकडाच्या त्या बारीक खुर्च्या, ज्यांच्यातून पलीकडची जमीन दिसते. ही खुर्चीची तऱ्हा मायकेल थोनेटची, १८५९ सालची. सहा लाकडी भाग, थोडे स्क्रू. सुटे करून एका घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावायच्या. ज्या फर्निचरच्या खालून आणि आतून जमीन दिसते, ते जागा कमी खातं असं डोळ्याला वाटतं. म्हणून छोट्या जागेत गुबगुबीत, पाठीपर्यंत कापडाने मढवलेल्या खुर्च्या नकोत.

आरसा मात्र विचार करून. तो ज्याच्यासमोर येईल ते दुप्पट होतं. खिडकी दुप्पट झाली तर उत्तम. आमचा पहिल्यांदा वॉश बेसिनसमोर आला आणि जेवताना आठ टूथब्रश दिसायला लागले. ब्रश कपाटात गेले, आरसा खिडकीसमोर गेला. चित्रं आणि आरसे जरा खालीच टांगा, कारण इथे आपण बसून बघतो. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात.

दिवा! पांढरीफटक ट्यूबलाइट बंद करा. ६५०० केल्विनच्या प्रकाशात आमटी आजारी दिसते. बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं बघा, आणि टेबलाच्या वर २८ ते ३४ इंचांवर लटकता दिवा लावा. कोणाच्या डोळ्यात जात नाही, आणि उजेड ताटावर पडला की आजूबाजूचा पसारा आपोआप मागे सरतो. फक्त दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर नको. नाहीतर ताटावर सावल्या लपलपतात, दोन घासांत डोकं दुखतं.

टेबलाच्या वरच्या बाजूसाठी पांढरा मॅट सनमायका घेऊ नका, एवढंच सांगते. हळद. डाग पडलाच तर उन्हात ठेवल्यावर फिका होतो, पण अख्खं टेबल गच्चीवर कोण नेणार? संगमरवर सुंदर, पण लिंबू आणि कोकमाने त्याची चकाकी जाते. आम्ही ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा दगडवाल्याकडून घेतला. भरते साधारण चाळीस किलो, त्यामुळे खालचा सांगाडा लोखंडी करावा लागला. सरकवता येत नाही, पण गरम पातेलं थेट ठेवता येतं, आणि आई त्यावर पोळ्यासुद्धा लाटते.

पाहुणे आले की अजूनही हॉलमध्ये खालीच पंगत बसते. फरक इतकाच की बाबांबरोबर आता आत्या आणि काकाही टेबलावर बसतात, कारण गुडघे त्यांचेही बोलायला लागलेत. आणि रोज रात्री मी साडेनऊला घरी पोचते तेव्हा टेबलावर चार ताटं पालथी घालून ठेवलेली असतात. बाबा हात असलेल्या खुर्चीत बसून ओरडतात, "आली गं ही, आमटी गरम कर!"

तुमच्या जागेचं माप आणि एक फोटो पाठवा. पसारा आवरू नका, मला तो बघायचाच आहे. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन घरं घेऊन बसू.