‘चक्कर’, ‘भोवळ’ आणि ‘मूर्च्छा’

मूर्च्छा बहुधा काही सेकंदांचीच असते. रोगी दवाखान्यात पोचतो तेव्हा नाडी व रक्तदाब पूर्ववत झालेले असतात, आणि वैद्याच्या हाती उरते ते केवळ रोग्याचे व पाहणाराचे कथन. या रोगाचे निदान इतके शब्दावलंबी असावे, ही गोष्ट भाषाभ्यासकाने दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

मराठी रोगी बहुधा ‘चक्कर आली’ एवढेच सांगतो. पण या एका पदाखाली निदान तीन अनुभव दडलेले असतात. भोवताल गरगर फिरणे हा पहिला. ‘भोवळ’ हा ‘भोवरा’ या शब्दाचा सगोत्र असून त्याचा मूळ रोख याच अनुभवाकडे आहे. पुढे तो शुद्ध हरपण्यासही लागू झाला. फिरण्याचा हा भास पुष्कळदा अंतर्कर्णाच्या विकाराने होतो. डोळ्यांपुढे अंधारी येणे हा दुसरा आणि शुद्ध जाऊन कोसळणे हा तिसरा. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटल्याने जी शुद्ध जाते तीच खरी मूर्च्छा. पाश्चात्त्य वैद्यक तिला ‘सिंकोपी’ म्हणते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छेद. शब्दातील मधला स्वर गळतो त्यासही भाषाशास्त्रात हीच संज्ञा आहे. आपोआप ओसरणारी मूर्च्छा व औषधावाचून न ओसरणारा संन्यास हा भेद चरकसंहितेतही केलेला आहे.

कारणाचा माग प्रसंगाच्या तपशिलात लागतो. उन्हात फार वेळ उभे राहणे, रक्त पाहणे, तीव्र वेदना. त्यापाठोपाठ मळमळ, घाम, अंधारी, आणि मग पडणे: ही साधी मूर्च्छा होय. थॉमस लुइस यांनी 1932 साली तिला ‘व्हेसोव्हेगल’ असे नाव दिले. अंथरुणातून उठताच अंधारी येत असेल तर उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 अथवा खालचा 10 मिलिमीटरांनी उतरल्यास कारण बहुधा तेथेच सापडते. निर्जलीभवन व रक्तदाबावरील औषधे यांची चौकशी अशा वेळी अवश्य व्हावी.

खरे भय निराळ्याच वाक्यांत असते. ‘काही कळलेच नाही, एकदम पडलो’. ‘जिना चढता चढता पडलो’. ‘निजलेला असतानाच शुद्ध गेली’. ‘आधी छातीत धडधडले’. यांतील कोणतेही वाक्य, किंवा घराण्यात तरुणपणी झालेला आकस्मिक मृत्यू, हृदयाकडे बोट दाखवितो. असा रोगी दोन मिनिटांत हिंडूफिरू लागला तरी त्यास तसाच घरी धाडणे धोक्याचे आहे.

पाहणाराच्या शब्दांनी मात्र पुष्कळदा घोटाळा होतो. ‘हातपाय झाडले’ असे कोणी म्हणताच रोग्यावर फेफऱ्याचा शिक्का बसतो. वास्तविक साध्या मूर्च्छेतही क्षणभर झटके येतात. जिभेची कड चावली गेली होती काय, शुद्धीवर आल्यानंतर बराच वेळ भ्रमिष्टपणा होता काय, हे प्रश्न अधिक निर्णायक. मूर्च्छेतून उठलेला मनुष्य बहुधा लगेच भानावर येतो. म्हणून पाहणारास ‘फिट आली होती का?’ असे विचारू नये. काय काय दिसले ते क्रमाने सांगावयास लावावे, त्याचेच शब्द टिपून घ्यावेत, आणि कथन कितीही निर्धास्त वाटले तरी हृदयाचा विद्युत्-आलेख काढावाच.