हवेतलं खत आणि पोळीचा गहू

एप्रिल उजाडला की डोंबिवलीतल्या धान्याच्या दुकानांत वर्षाचे गहू भरणाऱ्यांची गर्दी होते. एखाद्या काकू पोत्यात हात घालतात, मूठभर गहू तळहातावर पसरून फुंकर मारतात आणि चार दाणे तोंडात टाकून चावत राहतात. जरा वेळाने तोंडात च्युइंगमसारखा चिकट गोळा उरला की मग बोलतात, "चांगला आहे. पन्नास किलो पाठवून द्या." तो चिकट गोळा म्हणजे ग्लुटेन, गव्हातल्या प्रथिनांचा सगळ्यात मोठा भाग. कणीक ताणली जाते, पोळीला पदर सुटतो, तो त्याच्या जोरावर. काकूंची परीक्षा पक्की आहे. पण हवा बदलते आहे तसा हा गोळाच बदलण्याची शक्यता आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज नावाचाच. 'लोकवन' या गव्हाच्या नावात कुठलं वन नाही. ते 'लोक-वन', म्हणजे लोक क्रमांक एक. गुजरातमधल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं हे वाण. आपण पोळीत खातो ते कुणाच्या तरी संशोधनाचं फळ असतं, एवढं या नावावरून लक्षात राहिलं तरी पुरे.

"ठाणे जिल्ह्यात गहू पिकतच नाही, मग आपल्याला काय त्याचं?" असंही म्हणतात. मुरबाड, शहापूर, भिवंडी हा पट्टा भाताचा, हे खरंच. गव्हाला थंडी लागते, म्हणून तर राज्यातलं जुनं गहू संशोधन केंद्र निफाडला आहे. पण कल्याण-डोंबिवलीत घरोघरी रोज पोळ्या लाटल्या जातात, त्यामुळे दाण्यात काय आहे हा प्रश्न आपलाही आहे. शिवाय पुढे सांगतो त्यातलं बरंचसं भातालाही लागू आहे.

आता मुख्य गैरसमज. "कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं अन्न. तो वाढला तर पीक वाढेल, मग ओरड कशाला?" यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढचं पटकन पटतं. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे 280 भाग होता. 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा 315 च्या आसपास होता. आज तो 420 च्या पुढे गेला आहे. गहू आणि भात या पिकांना हा वायू वाढल्याचा थेट फायदा होतो. पानांवरची रंध्रं थोडी मिटली तरी त्यांचं भागतं, त्यामुळे पाणीही वाचतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची अन्न तयार करण्याची रीतच वेगळी. आजच्या हवेतही त्यांची गरज जवळजवळ भागलेली असते, म्हणून जास्तीच्या वायूने त्यांना विशेष फरक पडत नाही.

हे काचघरात नव्हे, उघड्या शेतात तपासलं गेलं आहे. शेतात नळ्यांचं कडं उभारायचं, वाऱ्याची दिशा बघून त्यातून वायू सोडायचा आणि कड्याच्या आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड 550 भागांवर ठेवायचा. म्हणजे पुढच्या काही दशकांनंतरची हवा आजच्या पिकाला द्यायची. ऑस्ट्रेलियातल्या हॉर्शम इथे ग्लेन फिट्झगेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरडवाहू गव्हावर वर्षानुवर्षं असे प्रयोग केले. उत्पादन चांगलंच वाढलं. मात्र दाण्यातली प्रथिनं घटली.

2014 मध्ये 'नेचर'मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. वाढीव वायूतल्या गव्हात जस्त सुमारे 9.3 टक्के, लोह 5.1 टक्के आणि प्रथिनं 6.3 टक्के कमी भरली. भातात प्रथिनांची घट 7.8 टक्के होती. इथे आणखी एक गैरसमज होतो, म्हणून आकडा फोडून सांगतो. शंभर ग्रॅम गव्हात 12 ग्रॅम प्रथिनं असतील तर ती सव्वाअकराच्या आसपास येतील, निम्मी होणार नाहीत. पोटभर आणि चौरस जेवणाऱ्याला हे जाणवणारही नाही. पण ज्या घरात पोळी आणि भात हेच मुख्य जेवण, तिथल्या गरोदर बाईला आणि वाढत्या मुलाला पाऊण ग्रॅमसुद्धा महाग पडतो. आपल्याकडे रक्तक्षय आधीच घरोघरी आहे. पोती जास्त भरली म्हणून पोषणही वाढलं, हा हिशेब मला म्हणूनच चुकीचा वाटतो.

शिवाय हा वायू एकटा येत नाही, उष्णता घेऊन येतो. 2022 चा मार्च आठवून पाहा. हवामान खात्याच्या 1901 पासूनच्या नोंदींतला तो देशातला सगळ्यात उष्ण मार्च. उत्तरेत गव्हाच्या ओंब्या नेमक्या भरत होत्या. ऊन वाढलं की पान लवकर पिवळं पडतं, दाणा भरायचे दिवस कमी होतात आणि तो चिरमुटतो. त्या वर्षी पंजाब-हरियाणातल्या सरकारी खरेदीत चिरमुटलेल्या दाण्यांची मर्यादा 6 वरून 18 टक्क्यांवर न्यावी लागली. 13 मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. हवेत 'खत' होतं, तरी उन्हापुढे त्याचा निभाव लागला नाही.

"उपग्रहाला वरून सगळं दिसतं" हा समज तर फारच पसरलेला आहे. वरून दिसतो तो परावर्तित प्रकाश. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. या दोन्हींच्या तुलनेवरून पीक किती हिरवं, किती दाट, हे काढतात. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाचा सगळ्यात बारीक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा. गुंठाभर पिकाचा मिळून एक रंग, त्यात ओंबी वेगळी दिसत नाही. दाण्यातलं जस्त तर नाहीच. त्यासाठी दाणा प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपग्रह आहेत, पण ते जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा अंदाज देतात, एकेका शेताचा नव्हे.

तरीही या नजरेची ताकद मोठी आहे. 2012 मध्ये डेव्हिड लोबेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या गव्हाची नऊ वर्षांची उपग्रहचित्रं तपासली. पारा 34 अंशांच्या वर गेला की पीक वेळेआधी पिवळं पडतं, हे त्यांत स्पष्ट दिसलं. तेव्हाची संगणकीय प्रारूपं हे नुकसान कमी धरत होती, हेही उघड झालं. कुठल्या जागी, नेमक्या कुठल्या दिवशी हिरवेपणा ओसरला, हे एवढ्या मोठ्या मुलखात पायी फिरून कुणाला कळलं असतं? आपल्या मुरबाडच्या भातावर मात्र पावसाळाभर ढग असतात, तिथे असा उपग्रह आंधळा होतो. ढगांतून पाहायला रडार लागतं. इस्रोने 2012 मध्ये सोडलेला रिसॅट-1 आणि 2022 चा ईओएस-04 हे त्याच कामाचे.

डोंबिवलीकरांच्या मनातला एक प्रश्नही इथेच निकाली काढू. एमआयडीसीतून येणारा उग्र वास म्हणजे कार्बन डायऑक्साइड नव्हे. त्याला रंगही नाही, वासही नाही. धूर आणि उन्हातून जमिनीलगत तयार होणारा ओझोन हा वेगळा वायू, आणि तो गव्हाचं नुकसानच करतो.

उपाय नाहीत असं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस 4028 हे बन्सी प्रकारातलं, रवा-शेवयांना उत्तम वाण काढलं. 102 दिवसांत तयार होणाऱ्या त्या गव्हात 14.7 टक्के प्रथिनं आहेत, शिवाय दहा लाख भागांत 40.3 भाग जस्त आणि 46.1 भाग लोह. लवकर तयार होणारं पीक मार्चच्या उन्हाआधी घरात येतं, हा त्याचा दुसरा गुण. हे आकडे आजच्या हवेतले आहेत. उद्याच्या हवेतही ते टिकावेत म्हणून असं काम चालू राहायला हवं आणि त्याला पैसा मिळायला हवा.

आपल्या हातात आहे ते आजपासून करता येईल. वाढीव वायूत ज्वारीच्या पोषणाला फारसा धक्का बसत नाही. कडधान्यांत जस्त आणि लोह घटतं, पण मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मिळवून देत असल्याने त्यांची प्रथिनं बहुतांशी टिकतात. तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये गहू भरताना वाण कोणतं ते दुकानदाराला जरूर विचारा, दाणे चावूनही बघा. आणि पन्नास किलो गव्हाऐवजी चाळीस घेऊन उरलेल्या दहा किलोंची ज्वारी घ्या, सोबत मुरबाडकडचे वाल.