*सीताफळ वाकडं का होतं? उत्तर फुलात आहे*



छावणीच्या बाजारात सीताफळ घेऊन बसलात, की गिऱ्हाईक गोल, भरलेली फळं आधी उचलतं. एका बाजूनं दबलेली फळं शेवटी पडेल त्या भावात जातात. आपण खताला दोष देतो, पण पुष्कळदा हे वाकडेपण फुलातच ठरलेलं असतं.

फुलाच्या मध्यभागी अनेक बारीक स्त्रीकेसर दाटीनं बसलेले असतात. प्रत्येकात एक बीजांड. त्याला पराग मिळाला की तिथं बी आणि गर धरतो, वर एक डोळा फुगतो. जिकडं पराग पोचला नाही, तिकडची बाजू बसते.

*अडचण कुठं आहे?*
सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर. पाकळ्या थोड्याच उघडलेल्या असतात तेव्हा मधला भाग ओलसर, चमकदार दिसतो. ही मादी अवस्था. जेमतेम एखादा दिवस टिकते. पाकळ्या पूर्ण उघडून पराग सुटतो, तोवर तो भाग सुकलेला असतो. म्हणजे फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. दुसऱ्या फुलातला पराग बारीक भुंगेरे आणतात.

उन्हाळ्यातली फुलं गळतात ती यामुळंच. कोरड्या, तापलेल्या हवेत मादी भाग लवकर सुकतो. पाऊस पडून हवेत ओल आली की फळधारणा वाढते.

*आता काय करायचं?*
✅ पावसानं ताण दिला तर हलकं पाणी द्या. बुडाशी आच्छादन ठेवा.
✅ भर फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका. पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त फुलोऱ्याआधीच करा. भुंगेरे मेले तर पराग कोण नेणार?
✅ हातानं परागीकरण करून बघा. पहाटे पूर्ण उघडलेली फुलं तोडून कागदावर झटका. खाली पडलेला पराग मऊ ब्रशनं अर्धवट उघडलेल्या फुलांच्या मधल्या भागाला *सगळ्या बाजूंनी* लावा. ऊन चढायच्या आत काम उरका.

सगळ्या बागेत एकदम नको. तीन-चार झाडं घ्या, पराग लावलेल्या फुलांना दोरा बांधा. तोडणीला दोऱ्याची आणि बिनदोऱ्याची फळं शेजारी ठेवा. फरक तुम्हालाच दिसेल.

उद्या सकाळी बागेत गेलात की एक फूल हातात घेऊन पाकळ्या बाजूला करा. ओलं दिसलं तर मादी, भुकटी दिसली तर नर.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी