काळ्या यीस्टचा संसर्ग: न दुखणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष नको

किडनी प्रत्यारोपण झाले आहे किंवा बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत. अशातच हातावर किंवा पायावर एक गाठ येते. ती दुखत नाही, ताप नसतो, म्हणून आपण ती अंगावर काढतो. कधीकधी अशा गाठीमागे काळ्या यीस्टचा संसर्ग असतो.

काळे यीस्ट म्हणजे काय?

पाव फुगवणारे यीस्ट तुम्हाला माहीत असेल. काळे यीस्टही बुरशीच्याच कुळातले, पण त्यांच्या पेशीभित्तिकेत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असते. आपल्या त्वचेला आणि केसांना रंग देतात तीही मेलॅनिनच. या आवरणामुळे बुरशीला शरीराच्या प्रतिकाराला तोंड देणे सोपे जाते. एक्सोफियाला हा यातील महत्त्वाचा गट. माती, कुजके लाकूड, झाडाचा पाला, ओलसर जागा, वाफेची स्नानगृहे, एवढेच नव्हे तर डिशवॉशरमध्येही ही बुरशी सापडते.

ही २०२१ मधली ‘काळी बुरशी’ आहे का?

नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्याला काळी बुरशी म्हटले गेले, तो म्युकरमायकोसिस. त्यात बुरशी रक्तवाहिन्या बंद करते आणि मेलेला भाग काळा पडतो. म्युकरमायकोसिस काही दिवसांत पसरतो. काळ्या यीस्टची त्वचेतील गाठ मात्र सहसा आठवडे, महिने घेत वाढते. दोन्हींची मुख्य औषधेही वेगळी आहेत.

धोका कोणाला?

निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही. पुढील व्यक्तींनी जपावे:

- अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण
- दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे
- अनियंत्रित मधुमेह असणारे
- कर्करोगावर उपचार घेणारे
- पोटाचे डायलिसिस करणारे किंवा शिरेत दीर्घकाळ नळी असलेले

काटा किंवा लाकडाची कुसळ टोचल्यावर बुरशी त्वचेखाली जाते. तुम्हाला ती जखम आठवणारही नाही. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे रुग्णाला घरात वेगळे ठेवण्याची गरज नसते.

लक्षणे

बहुतेकदा त्वचेखाली एकच, मऊसर, न दुखणारी गाठ असते. कधी ती फुटून पू येतो. क्वचित फुप्फुस, डोळा किंवा मेंदूलाही संसर्ग होतो, आणि मेंदूचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. २००२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे पाच जणांना एक्सोफियालाचा संसर्ग झाला. त्यांतील एक दगावला.

निदान

इथेच गफलत होते. गाठ साधे गळू किंवा चरबीची गाठ समजून कापली जाते आणि पू टाकून दिला जातो. गाठ काढण्यापूर्वी डॉक्टरांना आपल्या सर्व औषधांची माहिती द्या आणि विचारा, “नमुना बुरशीच्या तपासणीसाठीही पाठवणार का?” नमुन्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा सलाइनमध्ये पाठवावा लागतो, कारण फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते आणि मग ती कल्चरमध्ये वाढत नाही. कल्चरचा अहवाल यायला काही आठवडे लागू शकतात.

उपचार

गाठ एकच असेल तर ती शस्त्रक्रियेने पूर्ण काढतात. सोबत बहुधा इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल यांपैकी एक औषध काही महिने घ्यावे लागते. या काळात:

- प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना आधी कळवा. या औषधांमुळे टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी वाढते आणि त्यांची मात्रा बदलावी लागते.
- इट्राकोनॅझोलच्या साध्या कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्या. ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे त्यांचा परिणाम कमी होतो.
- यकृताच्या तपासण्या वेळेवर करा. हृदयविकार असल्यास आवर्जून सांगा.
- गाठ नाहीशी झाली म्हणून औषध बंद करू नका.
- स्टेरॉइड किंवा प्रत्यारोपणाच्या गोळ्या मनाने कमी करू नका. त्यामुळे किडनी गमावण्याची वेळ येऊ शकते.

घरी काय काळजी घ्याल?

बागेत, शेतात काम करताना हातमोजे आणि बंद पादत्राणे वापरा. काटा टोचल्यास जागा साबणाने धुवा आणि तिच्यावर लक्ष ठेवा. पोटाचे डायलिसिस करत असाल तर हात धुण्यात कसूर नको.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांत न बसणारी कोणतीही गाठ किंवा जखम दाखवा. ताप, सतत डोकेदुखी, झटके, डोळा लाल होऊन अंधुक दिसणे, डायलिसिसचे पाणी गढूळ येणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

गाठ लहान असतानाच निदान झाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.